आनंदा शुद्ध बोलायला लागला

गाढी नदीपलीकडच्या त्या गावात पहिली छत्री बसवली ती आनंदाने. बापजाद्यांची मिठागरं नव्या शहरात गेली तेव्हा तो विशीत होता. मोबदल्याच्या पैशांत बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, कुणी बंगले बांधले. आनंदाने पनवेलहून टेम्पोत घालून एक भलीमोठी डिश आणली, गच्चीवर आभाळाकडे उताणी ठेवली आणि घराघरांवरून काळ्या वायरी ओढल्या. तेव्हापासून तो आनंदा केबलवाला.

केबल गेली, सेट-टॉप बॉक्स आले, मग इंटरनेट आलं. धंदा बदलत गेला तसे नवे शब्द येत गेले आणि आनंदाने ते सगळे आपल्या तोंडात बसतील असे करून घेतले. सेटअप बॉस. कनिशन. फायबल. पासवर. गावच्या बोलीत शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी ड, ढ आला की त्याचा र व्हायचा, ण चा न, ळ चा ल, आणि मधला ह तर कुठच्या कुठे विरून जायचा. म्हणून डाउनलोड झालं डावनलोर. गावात कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण सगळेच तसं बोलत. कामोठ्याच्या सोसायट्यांत वायर टाकायला गेला की मात्र एखादी बाई हसायची.

"काका, डावनलोर नाही हो. डाउनलोड."

"तुमच्यासारकं नाय जमत मना," आनंदाही हसायचा. "पन नेट चालतंय ना?"

नेट चालायचं. आनंदाचं नेट बंद पडलं आणि तो आला नाही असं कधी झालं नाही. संध्याकाळी घरी येऊन ओट्यावर बसला की आत हाक मारायचा, "गो, मना पानी दे." त्याच्या बायकोचं नाव गोदू. लग्न झाल्यापासून तो तिला 'गो' एवढंच म्हणायचा. त्या एका अक्षरात तो राग, लाड, घाई, दमणूक सगळं घालायचा, आणि कुठलं काय आहे ते गोदूला चुलीपाशी बसल्या बसल्या कळायचं.

त्यांना एकच मुलगा, केतन. त्याला आनंदाने पनवेलच्या इंग्रजी शाळेत घातलं. केतन घरी एक भाषा बोलायचा आणि शाळेत दुसरी. हळूहळू शाळेतली भाषा घरात आली. 'आय'ची 'आई' झाली. इंजिनियर होऊन तो ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. बाप-लेकाचं तसं छान जमायचं. खटका उडायचा तो एका शब्दावरून.

आनंदाला ज्या माणसाने इंटरनेटचं काम शिकवलं तो 'रूटर' म्हणायचा. म्हणून आनंदाही रूटर म्हणायचा. केतन म्हणायचा राउटर.

"बाबा, रा-उ-टर."

"रूटर."

"अहो, सगळं ऑफिस राउटर म्हणतं."

"मंग तुज्या ऑपिसात राउटर बसव. माज्या गावात रूटरच चालतंय."

पुष्कळ वर्षं हा खेळच होता. गोदू भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि हसायची.

मग केतनचं हेतलशी जमलं. हेतल पनवेलच्याच एका गुजराती कुटुंबातली. बोलणी करायला तिचे आई-वडील घरी जेवायला आले. आनंदा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. पाहुण्यांशी काय बोलावं त्याला सुचेना, तेव्हा त्याने आपल्याला येतं ते काढलं. हेतलच्या वडिलांना विचारलं, "तुमच्याकरं रूटर कंचा हाय? जुना असंल तं मी बदलून देतो."

केतन पटकन म्हणाला, "बाबा, राउटर. किती वेळा सांगायचं? निदान लोकांसमोर तरी."

तो हसतच म्हणाला होता, पण कुणीच हसलं नाही. हेतलच्या आईने घाईघाईने पापडाचं ताट पुढे केलं. आनंदा म्हणाला, "बराबर, बराबर," आणि खाली मान घालून जेवू लागला.

लग्न थाटात झालं. केतन आणि हेतल कामोठ्यात फ्लॅट घेऊन राहू लागले, दर रविवारी गावी यायचे. सगळं पूर्वीसारखंच होतं. फक्त आनंदा केतनसमोर तो शब्द पुन्हा बोलला नाही. 'डबा' म्हणायचा. "त्या डब्याची लाइट लाल झालीय." "डबा बंद करून चालू कर." केतनच्या ते लक्षातही आलं नाही. गोदूच्या आलं होतं. पण बोलून ती काय सांगणार होती?

झटका आला तो सकाळी. आंघोळ करून आनंदा शर्टाची बटणं लावत उभा होता. गोदू चहा घेऊन आली तर त्याचा उजवा हात नुसता लोंबत होता आणि तोंड एका बाजूला ओढलं होतं. तो तिच्याकडे बघून काहीतरी म्हणत होता, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता. तिच्या हातातला कप पडला. शेजारचा भगवान रिक्षा घेऊन धावला आणि दोघांनी धरून आनंदाला पनवेलच्या इस्पितळात नेलं.

जीव वाचला. काही आठवड्यांनी पाय चालू लागला, काठी टेकत का होईना. हाताची बोटं थोडी हलू लागली. बोलणं मात्र आलं नाही. "तत... तत..." एवढंच यायचं. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजतंय. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बंद झालीय.

गोदूला ते ऐकून बरं वाटलं आणि वाईटही. सगळं समजतंय म्हणजे कळतही असणार, की आपण बोलू शकत नाही. आनंदा ओट्यावर बसायचा. धंदा आता त्याच्याकडे काम करणारा शिवा बघत होता. शिवा संध्याकाळी येऊन सांगायचा, कुठे वायर तुटली, कुठे जोडली. आनंदा मान हलवायचा, मध्येच काहीतरी सांगायला तोंड उघडायचा, "तत... तत...", आणि मग डाव्या हाताची मूठ मांडीवर आपटायचा. शिवा खाली बघत उभा राहायचा.

इस्पितळातून त्यांना अंकिताचं नाव मिळालं. अंकिता स्पीच थेरपिस्ट, बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणारी. मूळची नाशिकची, लग्न होऊन पनवेलला आलेली. वडाळे तलावाजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर तिचं छोटंसं क्लिनिक होतं. मुलगी गुणी होती. घाई करायची नाही, आवाज चढवायची नाही. तिच्याकडे चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा असायचा. पाण्याचा ग्लास, खुर्ची, चप्पल, मोबाईल. एक पत्ता समोर धरायची, स्वतः शब्द म्हणायची आणि आनंदाच्या तोंडाकडे बघत थांबायची. आनंदाचे ओठ थरथरायचे, घाम फुटायचा. "छान," अंकिता म्हणायची. "पुन्हा एकदा बघू."

एकदा ती म्हणाली, "त्यांच्या कामातली एखादी वस्तू आणा. रोज हाताळलेली."

केतनने घरून एक जुना राउटर आणला. अंकिताने तो आनंदाच्या हातात दिला. आनंदाने तो उलटा केला, सुलटा केला, मागच्या भोकांवरून अंगठा फिरवला. त्याचा चेहरा एकदम ओळखीचा झाला. वायर बघताना जसा व्हायचा तसा. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"ड... ड... डबा."

झटक्यानंतरचा तो पहिला शब्द. गोदूने पदर तोंडाला लावला. केतन उठून उभा राहिला.

"वा! फार छान, काका," अंकिता म्हणाली. मग केतनकडे वळून समजावणीच्या सुरात म्हणाली, "शब्द आला हे महत्त्वाचं. नेमकं नाव सापडत नाही तेव्हा पेशंट असा जवळचा, मोघम शब्द पकडतात. आता आपण बरोबर शब्द देऊ."

"नाय गो पोरी," गोदू म्हणाली, "ते बराबर बोलले. ते डबाच बोलतात त्याला."

अंकिताने केतनला विचारलं, "घरी तुम्ही याला डबा म्हणता?"

"नाही," केतन म्हणाला. "म्हणजे बाबा म्हणायचे. अलीकडे." आणि तो बोलता बोलता थांबला.

जिना उतरताना आनंदाला एका बाजूने केतनने धरलं होतं. त्याला रिक्षात बसवल्यावर केतनने आईला जरा बाजूला घेतलं. "आई, बाबा डबा कधीपासून म्हणायला लागले?"

गोदूला खोटं बोलता येत नसे. "हेतलचे आय-बाप जेवाया आलेले ना," ती म्हणाली, "तवापासून. तुज्यासमोर तो शबुद नाय बोलत ते."

केतन रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिला. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आला.

त्या दिवसापासून त्याने बापासाठी जिवाचं रान केलं. ऑफिसातून थेट गावी यायचा. एक टॅबलेट आणला. अंकिताच्या पत्त्यांचे फोटो त्यात घातले, आणि चित्राला बोट लावलं की शब्द ऐकू येईल अशी सोय केली. आवाज त्याने स्वतःचा भरला. हळू, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं. अंकिताने सांगितलं होतं, एका वस्तूला एकच शब्द ठेवा, सगळीकडे एकसारखाच उच्चार ठेवा, नाहीतर त्यांचा गोंधळ होईल.

एकदा केतनला वाटलं, बाबांचेच उच्चार भरावेत. खोलीचं दार लावून त्याने टॅबलेटसमोर म्हटलं, "पानी." पुन्हा ऐकलं. कुणीतरी गावच्या माणसाची नक्कल करून हसवतोय असं वाटलं. त्याने पुन्हा भरलं, पुन्हा तेच. लहानपणी ही भाषा तो विचार न करता बोलायचा. आता ती जिभेवर ठरेना. त्याने ते पुसून टाकलं आणि भरलं, "पाणी."

आनंदा कामसू माणूस. त्याने तो टॅबलेट धंद्यासारखा अंगावर घेतला. सकाळी चहा झाला की ओट्यावर घेऊन बसायचा तो जेवणापर्यंत. बोट लावायचा, केतनचा आवाज यायचा, "पाणी." आनंदा म्हणायचा, "पा... पा..." पुन्हा बोट, पुन्हा आवाज. शेजारून जाणारी माणसं थांबायची, मान हलवून पुढे जायची. पुढे पाणी आलं. मग हवं आलं, नको आलं, भूक, झोप, दुखतंय. दिवाळीच्या सुमारास दोन-तीन शब्द जोडून यायला लागले. गोदूने गावभर पेढे वाटले.

आणि एका दुपारी ती मागच्या दारी भांडी घासत होती, तेव्हा घरातून आवाज आला, "मला पाणी हवं आहे."

ती हात धुऊन लगबगीने उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला. तिला वाटलं बाहेरचं कुणीतरी आलंय, बँकेतलं किंवा पालिकेतलं. आत आनंदा एकटाच बसला होता.

तिने पाणी दिलं. तो प्यायला आणि म्हणाला, "धन्यवाद."

चाळीसेक वर्षांच्या संसारात त्या घरात हा शब्द कुणी कुणाला म्हटला नव्हता. गोदूला काय करावं कळेना. ती रिकामा पेला घेऊन तशीच उभी राहिली.

मग तिच्या लक्षात येत गेलं. आवाज आनंदाचाच होता, थोडा जड झालेला. पण बोलणं त्याचं नव्हतं. 'आमी' नाही, 'आम्ही'. 'हाय' नाही, 'आहे'. प्रत्येक ह जागच्या जागी. प्रत्येक ण पोटातून. केतनने जसं भरलं होतं तसं, अक्षर न अक्षर. तोंड बापाचं आणि जीभ लेकाची. गावातले लोक कौतुकाने म्हणायचे, "आनंदा तं एकदम सायबासारका बोलतंय रं!" पण त्याच्याशी बोलताना तेही जरा सावरून बोलू लागले. पूर्वी ओट्यावर येऊन तासन् तास बसायचे, आता उभ्या उभ्या विचारपूस करून जायचे.

अंकिताकडे माणसांचे पत्ते सुरू झाले होते. घरातल्यांचे फोटो. केतनचा फोटो दाखवला की "मुलगा," हेतलचा दाखवला की "सून." एक दिवस तिने फोटोऐवजी समोर बसलेल्या गोदूकडेच बोट केलं. "काका, या कोण?"

आनंदाने गोदूकडे पाहिलं. डोळे ओळखीचे होते, अगदी पूर्वीचे. ओठ जुळवून, जीव लावून तो म्हणाला, "पत्... नी. माझी पत्नी."

"फारच छान!" अंकिताने टाळ्या वाजवल्या. आनंदाच्या तोंडावर हसू पसरलं. गोदूही हसली. घरी परतताना रिक्षात तो जुना 'गो' मनात घोळवत ती बाहेर बघत बसली, आणि आनंदाने तिचा हात धरला तेव्हा तिला एकदम रडू फुटलं. तो घाबरून विचारू लागला, "काय झालं? काय झालं?" तेही तसंच, पुस्तकातल्यासारखं.

काही दिवसांनी गोदू एकटीच अंकिताकडे गेली. पायऱ्या चढून गेली खरी, पण काय बोलावं सुचेना. अंकिताने तिला बसवलं, पाणी दिलं.

"काकू, घरी काही त्रास होतोय का? चिडतात का काका?"

"नाय, चिरत नाय. लय गुनानं वागतात." गोदू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पोरी, तू लय केलंस आमच्यासाटी. तुजे पाय धरले तरी कमीच. पन ते असं बोलत नव्हते गो. आमच्यात असं कोनीच नाय बोलत. मना वाटतं घरात दुसराच मानूस हाय."

 अंकिताने गठ्ठ्यातला एक पत्ता उचलला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, की घरी तुम्ही कसं बोलता. मी शिकले तसे पत्ते केले. मला वाटलं मराठी म्हणजे मराठी."

"तुजी चूक नाय गो."

"आहे थोडी." तिने पत्ता खाली ठेवला. "आपण प्रयत्न करू. तुम्हीच शिकवा त्यांना, तुमच्या शब्दांत. मी सांगते कसं बसायचं, किती वेळ थांबायचं. पण खोटी आशा नाही दाखवत. त्यांच्या मेंदूने फार कष्टाने ही एक वाट पाडलीय. दुसरी पडेल की नाही, मी सांगू शकत नाही."

केतनला हे गोदूने रविवारी सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "आई, मागच्या आठवड्यात एक कॉल होता. लंडनचा माणूस. सारखं रूटर, रूटर म्हणत होता. आमच्यातलं कुणी हसलं नाही. सगळे आपले 'येस, येस' करत होते." तो हसायला गेला पण हसू आलं नाही. "मला उठून बाबांना फोन करावासा वाटला. आणि मग आठवलं."

त्याच संध्याकाळी घरातलं नेट गेलं. आनंदा काठी टेकत भिंतीपाशी गेला, दिव्याकडे बघितलं आणि केतनला हाक मारली. "केतन. राउटर. लाल दिवा."

उच्चार इतका स्वच्छ होता की केतनच्या ऑफिसातही कुणी तसा केला नसता. आनंदा त्याच्याकडे बघत होता, शाबासकीची वाट बघत होता. त्या शब्दासाठी त्याने किती दिवस घाम गाळला होता ते केतनला ठाऊक होतं.

"बाबा," केतन जवळ जाऊन म्हणाला, "रूटर. रूटर म्हणा ना. तुमचा रूटर. आठवतो?"

आनंदाने कपाळाला आठ्या घातल्या. विचार केला. मग समजूत घालावी तशी मान हलवली. "नाही. रा-उ-टर."

केतन मागच्या दारी गेला. हेतल त्याच्या पाठोपाठ गेली. गोदू गेली नाही. तिला वाटलं, त्याला रडू द्यावं.

दुपारच्या वेळी, सगळं आवरल्यावर, गोदू आनंदाला घेऊन बसू लागली. टॅबलेट कपाटात ठेवला. पाण्याने भरलेला तांब्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"पानी," ती म्हणाली.

"पाणी."

"नाय. पा-नी."

"पाणी," आनंदा अधिक जोर लावून म्हणाला. आपलं कुठेतरी चुकतंय एवढं त्याला कळत होतं. काय चुकतंय ते कळत नव्हतं. ज्या ण साठी त्याने अंगठा दाबून, मान ताठ करून महिने घालवले होते, तो ण आणखी घट्ट होत होता. "पाणी. पाणी." कपाळावर घाम आला. ओठ वाकडा झाला. "चूक?" त्याने विचारलं. "चूक?"

"नाय अवो, चूक नाय."

तिने रोज थोडं थोडं करून पाहिलं. जुनी नावं घेतली, मिठागरावरची, जाळ्यांतली, लहानपणीची. शिवाला आणि भगवानला बोलावून ओट्यावर गप्पा मारायला बसवलं. आनंदाला ते सगळं समजायचं, तो हसायचाही. पण तोंड उघडलं की बाहेर यायचं ते केतनचंच. आणि दिवसेंदिवस त्याचं बोलणं कमी होऊ लागलं. एखादा शब्द बोलायच्या आधी तो गोदूच्या चेहऱ्याकडे बघायचा, हा बरोबर असेल की नसेल याचा अंदाज घ्यायचा, आणि मग तोंड मिटून घ्यायचा.

गोदूने हे पाहिलं. ती त्याच्यासमोर जाऊन बसली. त्याचा उजवा, थंडगार हात दोन्ही हातांत घेतला. "तुमी बोला," ती म्हणाली. "तुमी कसंबी बोला. बराबर हाय सगलं."

आनंदा तिच्या ओठांकडे निरखून बघत होता. त्याने हळूच मान डोलावली, अंकिता डोलवायची तशी, धीर देत. "आहे," तो म्हणाला.

गोदूला आधी कळलंच नाही.

"आ-हे," तो पुन्हा म्हणाला, अगदी मायेने, आणि थांबला. तिच्या तोंडाकडे बघत थांबला.

तो तिला शिकवत होता. त्याच्या लेखी तिचंही बोलणं त्याच्यासारखंच बिघडलेलं होतं, आणि जे त्याला जमलं ते तिलाही जमेल असं त्याला सांगायचं होतं.

 "आहे," गोदू म्हणाली. ह उच्चारताना तिला छातीतून जरा जास्त वारा सोडावा लागला.

आनंदाचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी. "छान," तो म्हणाला. "पुन्हा एकदा."

"आहे."

"छान."

त्यानंतर गोदूने त्याला दुरुस्त केलं नाही. टॅबलेट कपाटातून काढून त्याच्या हातात दिला, आणि दुपारी त्याच्या शेजारी बसून स्वतःही बोट लावू लागली. केतनचा आवाज यायचा, "आम्ही." आनंदा म्हणायचा, मग गोदू म्हणायची. तिचं चुकलं की आनंदा सांगायचा, आणि सांगताना त्याला चार शब्द जास्त बोलावे लागायचे. अंकिता म्हणाली, त्यांचं बोलणं खूप सुधारतंय. गोदू म्हणाली, "हो."

केतनला हे सहन व्हायचं नाही. "आई, तू कशाला बदलतेस?" एकदा तो जवळजवळ ओरडलाच. "तू तरी नको."

"मंग ते कोनाशी बोलतील?" गोदूने विचारलं. 

माघात एकदा ती उरण नाक्याच्या मच्छी बाजारात गेली. कुमुद कोळणीकडून ती सासरी आल्यापासून मासळी घ्यायची. टोपलीत हात घालून तिने विचारलं, "कोळंबी ताजी आहे का?"

कुमुदने सुरी थांबवून वर पाहिलं. "क्काय गो गोदू! कवापासनं अशी बोलाया लागलीस? फ्लॅटमंदी गेलीस का काय रावाया?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. गोदूलाही हसायचं होतं. आपल्या बोलीतलं काहीतरी खमंग उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, आणि क्षणभर कुठलाच शब्द येईना, ना इकडचा, ना तिकडचा. ती नुसती टोपलीच्या काठाला धरून उभी राहिली.

कुमुदचं हसू विरलं. आनंदाला काय झालंय ते तिने ऐकलं होतं. तिने आणखी काही विचारलं नाही. कोळंबी मोजली, वर एक मूठ जास्त टाकली आणि पिशवी गोदूच्या हातात दिली. "जा गो," ती हळू म्हणाली. "ऊन चरतंय."

गोदू घरी पोचली तेव्हा आनंदा काठी टेकत फाटकापर्यंत आला होता. त्याने काठी धरलेला डावा हात पुढे करून पिशवी मागितली.

"जड आहे?"

"नाही," गोदू म्हणाली. "जड नाही."

तिने पिशवी त्याच्या डाव्या मनगटात अडकवली, आणि दोघं पावलाशी पाऊल जुळवत घराकडे निघाली. ओट्यावर बसून तिने कोळंबी निवडायला घेतली. तो एका हाताने सालं बाजूला करत राहिला. वरून विमानतळाकडे उतरणारं एक विमान गेलं आणि आवाज ओसरेपर्यंत दोघंही थांबली. मग आनंदाने एक कोळंबी उचलून बघितली आणि म्हणाला, "ताजी आहे."

"हो," गोदू म्हणाली, "ताजी आहे."